मंडळ्यांचें ऐक्य आणि मिळकतींचा कारभार

ता. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारांत जो समारंभ झाला, त्याची आठवण ख्रिस्ती समाजाबाहेर आज फारशी कोणास राहिलेली नाहीं. त्या दिवशीं उत्तर व पश्चिम हिंदुस्थानांतील सहा निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांनीं आपआपलीं जुनीं नांवें खालीं ठेविलीं आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' हें एकच नांव धारण केलें. ज्या पंथांचे पूर्वज युरोपांत एकमेकांच्या विरुद्ध शस्त्र धरून उभे होते, त्यांचे हिंदी अनुयायी एका मांडवाखालीं आले, ही गोष्ट सामान्य नव्हे. आमच्या देशांत भेद फार व मेळ थोडा, असें रडगाणें नेहमीं गाणाऱ्यांनीं तरी ती विसरूं नये. परंतु अर्धशतक उलटून गेल्यावर आज या ऐक्याकडे पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, उपासनेंत तें टिकलें, पण मिळकतीच्या बाबतींत अद्यापि न्यायकचेरीच्या पायऱ्या चढत-उतरत आहे. असें कां झालें आणि यावर उपाय काय, याचा आज थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती लोकांचा आहे असें समजून वाचकांनीं पान उलटूं नये. ज्या ज्या गांवीं देवस्थान आहे, पांजरपोळ आहे, धर्मशाळा आहे, ज्ञातीची वाडी किंवा वाडवडिलांनीं काढलेली शाळा आहे, त्या त्या गांवीं हाच प्रश्न दुसऱ्या पोशाखांत उभा आहे. धर्मादायाचा पैसा कोणाचा, तो कोणी सांभाळावा, सांभाळणाऱ्यानें हिशेब कोणास द्यावा, आणि दोन संस्था एक व्हावयाच्या झाल्यास त्यांची इस्टेट कोणत्या रीतीनें एक व्हावी, या चार प्रश्नांपासून कोणताही धर्म सुटलेला नाहीं. शेजाऱ्याच्या घरांत जी चूक झाली ती नीट पाहून ठेवणें, हें आपल्या घराच्याही हिताचें असतें.

प्रथम हे पंथ आमच्याकडे आले कसे तें पाहूं. सन १८१३ च्या सनदेनें कंपनीच्या मुलखांत मिशनऱ्यांस वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन गृहस्थ मुंबईस उतरले. १८२९ सालीं स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. इंग्लंडच्या राजमान्य चर्चची मंडळी नाशकास बसली. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ पासून अहमदनगर हें आपलें ठाणें केलें. कोल्हापुराकडे अमेरिकेंतील प्रेसबिटेरियन गेले. जालन्याजवळ नारायण शेषाद्रि यांनीं स्कॉच मिशनच्या आश्रयानें बेथेल हें गांव वसविलें. एकमेकांच्या क्षेत्रांत पाऊल घालावयाचें नाहीं, असा या मिशनांचा बहुधा आपसांत संकेत असे. त्याचा परिणाम असा झाला कीं, बाप्तिस्मा घेणारा मराठी मनुष्य कोणत्या पंथाचा ठरावयाचा, हें त्याच्या श्रद्धेपेक्षां त्याच्या तालुक्यावर अवलंबून राहिलें. नाशकाचा ख्रिस्ती अँग्लिकन, नगरचा काँग्रिगेशनल, कोल्हापूरचा प्रेसबिटेरियन! ज्या भांडणांमुळें इंग्लंड-स्कॉटलंडांत हे भेद पडले, त्या भांडणांशीं गोदाकांठच्या शेतकऱ्याचा काडीइतकाही संबंध नव्हता. परक्याचें भांडण त्याला वारसा म्हणून मिळालें.

हे भेद मुख्यतः कारभाराचे होते, हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे. देव एक, ग्रंथ एक. परंतु मंडळीचा कारभार कोणीं हांकावा, याविषयीं तीन मतें. अँग्लिकन पद्धतींत धर्मप्रांताचा मुख्य बिशप. पाळकांस दीक्षा त्याच्या हातची आणि अधिकारही त्याच्याकडून खालीं येणारा. आपल्याकडील मठाधिपतीच्या व्यवस्थेशीं हिचें कांहींसें साम्य आहे. प्रेसबिटेरियन पद्धतींत बिशप नाहीं. निवडलेले वडील व पाळक यांची सभा, तिच्यावर मोठी सभा, तिच्यावर महासभा, अशी ही पंचायतीची उतरंड. तिसरी काँग्रिगेशनल पद्धत. तींत प्रत्येक गांवची मंडळी स्वयंपूर्ण. पाळक तिनें नेमावा, तिनें काढावा, जमाखर्च तिनें पाहावा. दुसऱ्या मंडळ्यांशीं संबंध सल्लामसलतीचा, हुकुमाचा नव्हे. बाप्टिस्ट मंडळ्यांची रीत जवळजवळ हीच. शिवाय लहान मुलांस बाप्तिस्मा देऊं नये, जाणत्या वयांत श्रद्धा प्रकट करणारासच द्यावा, हा त्यांचा विशेष आग्रह. ज्या तीन पद्धतींत वरून खालीं, खालून वर आणि आडव्या रेषेंत असा अधिकार वाहतो, त्या एका साच्यांत ओतावयाच्या म्हणजे काय काम होतें, याची यावरून कल्पना येईल.

या भेदांना परकीय सत्तेचें पाठबळ होतें, हेंही सांगितलें पाहिजे. मुंबईस बिशपची गादी १८३७ सालीं निर्माण झाली. बिशप नेमावयाचा इंग्लंडच्या राजानें, आणि त्याचा व सरकारी पाद्र्यांचा पगार निघावयाचा हिंदुस्थानच्या तिजोरींतून. म्हणजे ज्या रयतेंत बहुसंख्य हिंदु व मुसलमान होते तिच्या करांतून. या खर्चावर राष्ट्रीय पक्षाचा आक्षेप जुना होता आणि तो रास्तच होता. परंतु प्रामाणिक ख्रिस्ती पुढाऱ्यांसही ही सोन्याची बेडी टोचत होती. १९१२ सालीं व्ही. एस्. अझरिया हे दोर्णकलचे पहिले हिंदी अँग्लिकन बिशप झाले. १९१७ सालीं आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि पंथांच्या कुंपणाबाहेरचा 'देवाचा दरबार' उभारण्याचें मनांत घेतलें. दोनच वर्षांत ते वारल्यामुळें तें काम अपुरें राहिलें. १९१९ सालीं तरंगमबाडी येथें कांहीं पंथांचे पाळक, बहुतेक हिंदीच, एकत्र जमले आणि दक्षिणेंतील ऐक्याच्या खटपटीस आरंभ झाला. पुढें १९२७ सालीं इंडियन चर्च ॲक्ट झाला व ता. १ मार्च १९३० पासून येथील अँग्लिकन मंडळी इंग्लंडच्या चर्चपासून कायद्यानें वेगळी होऊन तिला स्वतःची घटना मिळाली. स्वराज्याची चळवळ सभामंडपांत चालू होती, तशी ती देवघरांतही चालू होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ऐक्याची सुरुवात दोन ठिकाणांहून झाली. दक्षिणेंत ता. २७ सप्टेंबर १९४७ रोजीं, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सुमारें सहा आठवड्यांनीं, मद्रासेस 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झालें. बिशप मानणारे व बिशप न मानणारे पंथ अशा रीतीनें एक झाल्याचें जगांत तोंपर्यंत उदाहरण नव्हतें. उत्तरेंत प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ सालींच एक झाल्या होत्या. १९२९ सालीं लखनौस विस्तृत ऐक्याची बोलणीं सुरू झालीं, १९६५ सालीं योजनेची चौथी आवृत्ति निघाली आणि अखेर १९७० सालीं तीस फळ आलें. एकेचाळीस वर्षें! या अवधींत राज्य बदललें, देशाची फाळणी झाली, बोलणीं सुरू करणारे बहुतेक लोक कालवश झाले. पण बोलणीं चालू राहिलीं. अँग्लिकन, संयुक्त उत्तर हिंदुस्थान मंडळी, बाप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स असे सहा पंथ एकत्र आले. अमेरिकन शाखेचे मेथॉडिस्ट शेवटपर्यंत बोलण्यांत होते. परंतु समारंभास थोडे महिने उरले असतां त्यांनीं माघार घेतली. त्यांची मंडळी आजही स्वतंत्र आहे.

या ऐक्यांत धर्मविषयक अडचणी ज्या चातुर्यानें सोडविल्या, त्याची प्रशंसा केली पाहिजे. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीति ग्राह्य ठरविल्या. कोणाही कुटुंबानें आपल्या श्रद्धेप्रमाणें वागावें. पाळकांची दीक्षा कोणाची खरी व कोणाची खोटी, हा वाद दक्षिणेंत तीस वर्षांच्या मुदतीवर टाकला होता. उत्तरेंत सर्व पंथांच्या पाळकांनीं प्रार्थनापूर्वक एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून तो एका दिवसांत संपविला. कारभाराच्या बाबतींत तिन्ही पद्धतींतील अंश घेतले: बिशप ठेवला, पण त्याच्या जोडीला निवडलेल्या प्रतिनिधींची प्रांतसभा ठेविली, गांवच्या मंडळीस पास्टरेट कमिटी दिली, आणि सर्वांवर सिनड, जिची सर्वसाधारण बैठक तीन वर्षांनीं भरते. कागदावर ही घटना चांगली आहे. ती करणारे लोक सद्भावनेचे होते, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

मग चूक कोठें झाली? आमच्या मतें चूक ही कीं, श्रद्धेच्या प्रश्नांवर जितकीं वर्षें खर्चीं घातलीं, तितके महिनेही मिळकतीच्या प्रश्नावर घातले नाहींत. प्रत्येक जुन्या पंथाची इस्टेट वेगळ्या स्वरूपांत होती. कोणाची कंपनी कायद्याखालीं नोंदलेल्या विश्वस्त मंडळाच्या नांवें, कोणाची १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीं, कोणाची सार्वजनिक न्यास म्हणून, तर कोणाची परदेशांतील मिशनच्या नांवें. देवळें, शाळा, दवाखाने, पाळकांचीं घरें, स्मशानभूमि, आणि शहर वाढतां वाढतां बाजाराच्या मध्यावर येऊन पडलेल्या जागा, अशी ही अफाट संपत्ति. ती एका ठरावानें आपोआप नव्या मंडळीकडे आली, असें धरून सर्वांनीं चालावयास सुरुवात केली. पण ठराव हा दस्त नव्हे. ठरावानें मनें एक होतील. सातबारा एक होत नाहीं.

या चुकीची पूर्वसूचना इतिहासांत ठळक अक्षरांनीं लिहिलेली होती. स्कॉटलंडांत १८४३ सालीं सरकारी चर्चमधून फुटून फ्री चर्च निघालें. आमचे जॉन विल्सन त्या फुटींत बाहेर पडले, तेव्हां मुंबईंतील शाळेची इमारत त्यांस जुन्या चर्चच्या स्वाधीन करून नव्यानें संसार मांडावा लागला. पुढें १९०० सालीं हेंच फ्री चर्च दुसऱ्या एका मंडळींत प्रचंड बहुमतानें विलीन झालें. सुमारें अकराशें मंडळ्यांचा हा पंथ. त्यांतील जेमतेम पंचवीस-तीस पाळक विलीनीकरणास कबूल झाले नाहींत. त्यांनीं दावा लाविला कीं, मूळ देणगीदारांनीं ज्या तत्त्वांकरितां पैसा दिला तीं तत्त्वें आम्हीच पाळतों, सबब सर्व इस्टेट आमची. १९०४ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें पांच विरुद्ध दोन मतांनीं तो दावा मान्य केला! शेंकडों देवळें, कॉलेजें व लाखों पौंडांचा निधि मूठभर लोकांच्या हातीं आला. ज्यांना इतक्या इमारती झाडूनही काढतां आल्या नसत्या, ते त्यांचे मालक झाले. शेवटीं पार्लमेंटास १९०५ सालीं खास कायदा करून वाटणीसाठीं कमिशन नेमावें लागलें. या कामावर लॉर्ड एल्गिन होते. तेच एल्गिन, ज्यांच्या व्हाइसरॉयकींत १८९७ सालीं लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. येथें न्याय देण्यास ज्यांचा हात आखडला, त्यांनीं आपल्या मुलखांतील तंटा समतेनें मिटविला, हें नमूद करणें भाग आहे.

या निकालांतील तत्त्व सरळ आहे. विश्वस्ताजवळची मिळकत बहुमताची नसते. ती न्यासाच्या हेतूची असते. नव्व्याण्णव लोकांनीं हेतु बदलला आणि एकानें तो धरून ठेविला, तर कायद्याच्या दृष्टीनें तो एकच वारस ठरूं शकतो. व्यापारी वाचकांस हें नवल वाटेल. पेढीवर जास्त पाती ज्याची त्याचें चालतें. परंतु धर्मादाय ही पेढी नव्हे, आणि विश्वस्त हा पातीदार नव्हे.

कॅनडांतील लोकांनीं हा धडा घेतला. तेथें १९२५ सालीं मेथॉडिस्ट, काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन एक झाले. पण त्याच्या आधीं १९२४ सालीं पार्लमेंटाकडून कायदा करवून घेतला. प्रेसबिटेरियन मंडळ्यांपैकीं जिला नव्या व्यवस्थेंत यावयाचें नसेल तिनें आपल्या सभासदांचें मत घेऊन बाहेर राहावें, अशी मुभा दिली. जवळजवळ एक तृतीयांश प्रेसबिटेरियन लोक बाहेर राहिले. दुःख झालें, पण कोण कोठें आहे व कोणाचें काय आहे, हें स्पष्ट झालें.

आमच्याकडे काय झालें तें गुजरातेंतील ब्रदरेन मंडळीच्या दाव्यांवरून दिसतें. 'फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरेन' या नांवाची संस्था मुंबई सार्वजनिक न्यास कायद्याखालीं नोंदलेली होती. ऐक्याचा ठराव झाला. बहुतेक लोक नव्या मंडळींत गेले. कांहींनीं आपली जुनी संस्था जिवंत आहे असें म्हणून मिळकतीवर हक्क सांगितला. नव्या मंडळीनें १९७९ सालीं दिवाणी न्यायालयांत दावा लाविला. पंचवीस-सव्वीस वर्षांनीं, २००५ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, असा वाद दिवाणी न्यायालयाच्या कक्षेंतला नाहीं. न्यास कायद्यानें तो धर्मादाय आयुक्तांच्या व्यवस्थेकडे सोंपविला आहे. म्हणजे पाव शतक गेलें तें दरवाजा कोणता हें कळण्यांत! पुढें २०१३ सालीं दुसऱ्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें गुणदोषांवर निकाल दिला कीं, नुसत्या ठरावानें न्यास विलीन होत नाहीं. संस्था नोंदणी कायदा व न्यास कायदा यांनीं सांगितलेली रीत पाळली नसल्यामुळें जुनी संस्था आपल्या मिळकतीसह स्वतंत्रच राहिली.

ही रीत कांहीं अवघड नाहीं. १८६० च्या कायद्याचें बारावें कलम असें सांगतें कीं, विलीनीकरणाचा प्रस्ताव लिहून किंवा छापून सभासदांस द्यावा. त्यासाठीं खास सभा बोलवावी. सभेच्या दहा दिवस आधीं प्रस्ताव प्रत्येकास पोंचवावा. तीन पंचमांश मतांनीं तो मंजूर व्हावा. आणि एक महिन्याच्या अंतरानें दुसऱ्या खास सभेंत तितक्याच मतांनीं तो कायम व्हावा. न्यास कायद्याच्या कलम ५०-अ प्रमाणें धर्मादाय आयुक्तांस न्यास एकत्र करून नवी योजना घालून देण्याचा अधिकार आहे. आणि कारभाऱ्यांत वा मिळकतींत जो फरक होईल त्याचा कलम २२ प्रमाणें नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावयाचा आहे. एकेचाळीस वर्षें बोलणीं करणाऱ्यांस हे थोडे महिने जड नव्हते. महाराष्ट्रांत हाच कायदा आज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नांवानें चालू आहे. तेव्हां ज्यांनीं अद्याप हें काम केलें नसेल त्यांनीं तें आतां तरी करावें.

परंतु नोंदणी सुधारली म्हणजे सर्व झालें असें नाहीं. मोठा प्रश्न कारभाराचा आहे. ऐक्याच्या पूर्वीं नगरकडील स्वयंपूर्ण मंडळीस आपला पाळक निवडतां येत असे व आपल्या देवळाच्या छपराची दुरुस्ती आपल्या पैशानें करतां येत असे. ऐक्यासाठीं तिनें आपल्या या स्वातंत्र्याचा मोठा भाग सोडला आणि बिशप पत्करला. या त्यागाच्या मोबदल्यांत तिला मिळावयास पाहिजे होता तो प्रांतसभेंतला खरा आवाज. आज धर्मप्रांताचा बिशप हाच प्रांतसभेचा अध्यक्ष असतो आणि शाळा, दवाखाने व मिळकती पाहणाऱ्या अनेक मंडळांवरही बहुधा तोच असतो. म्हणजे हिशेब देणारा आणि हिशेब घेणाऱ्या सभेचा अध्यक्ष, हे दोघे एकच. साधु पुरुष असला तर ठीक. पण घटना ही साधु पुरुषांसाठीं लिहावयाची नसते. साधूला ती लागतच नाहीं. ती लिहावयाची असते दुबळ्या व मोहांत पडूं शकणाऱ्या माणसांसाठीं, म्हणजे तुमच्या-आमच्यासाठीं. शहरांतील जागेस सोन्याचा भाव आलेला असतां दहा-वीस सह्यांच्या जोरावर ती भाडेपट्ट्यानें किंवा विक्रीनें जाऊं शकत असेल, तर वर्गणी देणाऱ्या गरीब सभासदाच्या मनांत शंका येणें स्वाभाविक आहे; आणि शंका आली म्हणजे दावा आलाच.

या दृष्टीनें आम्हांस पुढील सुधारणा अवश्य वाटतात. पहिली, प्रत्येक मंडळीनें आपल्या सभासदांची यादी दरसाल देवळाच्या दारावर लावावी व हरकती ऐकून ती कायम करावी. मतदार कोण हेंच जेथें अनिश्चित, तेथें निवडणूक ही तंट्याची पेरणी होय. दुसरी, बिशपच्या हातीं धर्मोपदेश, दीक्षा व पाळकांवरील देखरेख असावी. मिळकतीचे विश्वस्त निराळे, मुदतीचे व निवडलेले असावे, आणि त्यांत पाळकांहून इतर सभासद अधिक असावे. तिसरी, कोणतीही स्थावर मिळकत विकण्यापूर्वीं किंवा लांब मुदतीच्या पट्ट्यानें देण्यापूर्वीं कलम ३६ ची परवानगी तर घ्यावीच, पण ती मागण्याच्या आधीं ज्या गांवच्या मंडळीची ती जागा, तिच्या सर्वसाधारण सभेचें मत घ्यावें. चौथी, तपासलेला जमाखर्च मराठींत छापून प्रत्येक देवळांत वाचावा. इंग्रजींत लिहिलेला ताळेबंद ज्यांच्यासाठीं आहे त्यांना वाचतां येत नसेल, तर तो न लिहिल्यासारखाच. पांचवी, निवडणूक व शिस्त यांच्या तक्रारी ऐकण्यासाठीं प्रांताबाहेरील, कायदा जाणणाऱ्या माणसांचें एक न्यायमंडळ असावें व त्यानें ठराविक मुदतींत निकाल द्यावा. सहावी, या सर्व मंडळांवर स्त्रियांस त्यांच्या संख्येच्या मानानें जागा असाव्या. दक्षिणेंतील भगिनीमंडळींत २०१३ सालीं नंद्यालच्या गादीवर एक स्त्री बिशप बसली. जिला गादीवर बसतां येतें तिला हिशेब तपासतां येणार नाहीं काय?

शेवटची सूचना ऐक्याबाहेर राहिलेल्यांविषयीं. त्यांना हट्टी, फुटीर इत्यादि विशेषणें देऊन कांहीं साधत नाहीं. कायद्यानें त्यांच्या हक्कास मान्यता दिली आहे. तथापि ज्या देवळांत आज नव्या मंडळीचे शेंकडों लोक भजन करतात आणि जुन्या संस्थेचे चार, तेथें केवळ निकालाच्या कागदानें शेंकडों लोकांस रस्त्यावर आणणें, हेंही धर्मास शोभत नाहीं. दोन्ही पक्षांनीं बसून, संख्या, गरज व मूळ देणगीचा हेतु हीं तीन मापें लावून वाटणी करावी आणि ती धर्मादाय आयुक्तांकडून योजनेच्या रूपानें कायम करून घ्यावी. स्कॉटलंडांत पार्लमेंटानें जें केलें तें येथें समजुतीनें कां होऊं नये?

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, ख्रिस्ती मंडळीच्या घरगुती कारभारांत इतरांनीं बोलूं नये. उपासना, दीक्षा व सिद्धांत यांच्याविषयीं आम्ही एक अक्षरही बोललों नाहीं व बोलणार नाहीं. पण सार्वजनिक न्यास हा नांवाप्रमाणेंच सार्वजनिक आहे. दुसरा आक्षेप असा कीं, यानें सरकारचा हात देवघरांत शिरेल. राज्यघटनेच्या २६ व्या कलमानें धर्मविषयक बाबींत स्वायत्तता दिली आहे आणि मिळकतीचा कारभार मात्र कायद्यानुसार करावा असें म्हटलें आहे. मुंबईच्या न्यास कायद्यास जैन व पारशी विश्वस्तांनीं आव्हान दिलें, तेव्हां १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हिशेब व नोंदणी यांचे नियम कायम ठेविले. परंतु सरकारी अधिकाऱ्यानें स्वतःच धार्मिक संस्थेचा विश्वस्त होऊन बसण्याची तरतूद रद्द केली. ही सीमारेषा आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. सरकारनें हिशेब पाहावा. पूजा पाहूं नये. आणि जी संस्था आपला कारभार आपण सुधारते, तिच्या दारांत सरकार येण्याचें कारणच उरत नाहीं.

तिसरा आक्षेप अधिक बोचरा: तुमच्या देवस्थानांत काय उजेड आहे? हा आक्षेप आम्ही मुकाट्यानें कबूल करतों. पंढरपूरचा कायदा १९७३ सालीं झाला आणि वंशपरंपरेच्या हक्कांचा वाद सर्वोच्च न्यायालयांत संपावयास २०१४ साल उजाडावें लागलें. विठोबाच्या दारीं जर चाळीस वर्षें तंटा चालतो, तर दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा तोरा आम्हीं मिरवूं नये. म्हणूनच वर सांगितलेल्या सूचना फक्त एका समाजास उद्देशून नाहींत. सभासदांची यादी, निराळे विश्वस्त, मराठी जमाखर्च, मुदतीचा न्याय, हीं चार सूत्रें ज्या देवस्थानांत, वाडींत किंवा शिक्षणसंस्थेंत पाळलीं जात नाहींत, तिच्या चालकांनीं हा लेख स्वतःस उद्देशून आहे असें खुशाल समजावें.

नागपूरच्या त्या मांडवांत सहा पंथांनीं जें केलें तें आमच्या देशाच्या सार्वजनिक इतिहासांत मोठ्या अक्षरांनीं लिहिण्यासारखें आहे. परक्यांनीं पाडलेले भेद आपल्या हातांनीं बुजवितां येतात, हें त्यांनीं दाखवून दिलें. तें काम अर्धें राहूं नये. ज्यांनीं एकमेकांच्या मस्तकावर हात ठेविला, त्यांच्या मुलानातवंडांनीं एकमेकांवर समन्स बजावीत राहावें, ही स्थिति पालटण्याचें सामर्थ्य दुसऱ्या कोणाच्या नाहीं, मंडळीच्या सामान्य सभासदांच्याच हातीं आहे. पुढील सर्वसाधारण सभेंत त्यांनीं उठून तीनच गोष्टी मागाव्या: यादी, हिशेब आणि मिळकतींचा उतारा. एवढें मागण्यास वकील लागत नाहीं.